दुर्बिणीची बैठक कोणाची जबाबदारी?

संरक्षण खरेदीची चर्चा आपल्याकडे विमाने, पाणबुड्या आणि तोफा यांच्याभोवती फिरते. पायदळाच्या रायफलीची दखल घेतली गेलीच, तर ती किती, कोणाकडून आणि किती कोटींना, एवढ्यापुरती. रायफलीवर दुर्बीण घट्ट धरून ठेवणारा धातूचा तुकडा, म्हणजे माउंट, या चर्चेत कुठेच नसतो. वास्तविक सैनिकाचा नेम अखेर त्याच्यावर टेकलेला असतो.

हिशेब साधा आहे. माउंटच्या दोन टेकूंमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल आणि त्यातील एक टेकू ०.१ मिलिमीटरने सरकला, तर ५०० मीटरवर गोळी सुमारे अर्धा मीटर बाजूला जाते. दुर्बिणीची काच कितीही उत्तम असली, तरी ही चूक तिला दुरुस्त करता येत नाही. उलट चुकलेला नेमही ती अचूक भासवते.

अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये ‘पिकाटिनी रेल’ ही खाचांची पट्टी प्रमाण मानली, ती कोणत्याही उत्पादकाची दुर्बीण कोणत्याही रायफलीवर बसावी म्हणून. नाटोने २००९ मध्ये हे मानक अधिक काटेकोर केले. मात्र दुर्बीण रेलवर बसणे वेगळे आणि काढून पुन्हा बसवल्यावर नेम कायम राहणे वेगळे. पहिल्या गोष्टीची हमी मानक देते; दुसरीची हमी चाचणीतूनच मिळते.

भारताचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आकारास आलेल्या इन्सास रायफलीच्या मूळ आराखड्यात अशी रेल नव्हती. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ रायफली अमेठीजवळील कोरवा येथे बनवण्याचे ठरले. जुन्या एके रायफलीचे वरचे झाकण पुरेसे स्थिर नसल्याने दुर्बीण बाजूच्या पट्टीवर बसवावी लागे. एके-२०३ मध्ये झाकण बिजागरीने जोडून त्यावर रेल दिली आहे. म्हणजे दुर्बीण बसवण्याची सोय आता दोन्ही रायफलींवर आहे.

परंतु ७.६२ × ५१ मिलिमीटर रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणी घेण्याचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, सिगच्या पहिल्या करारानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने. दोन्ही खरेदी वेगळ्या करण्यामागे तर्क नाही असे नव्हे. इलेक्ट्रॉनिक उपकरणे रायफलीच्या नळीपेक्षा लवकर कालबाह्य होतात आणि स्वतंत्र निविदेमुळे देशी उद्योगाला वाव मिळतो. धोका आहे तो जबाबदारीच्या वाटणीत. नेम ढळला की दुर्बीण बनवणारा रेलकडे बोट दाखवणार आणि रायफल बनवणारा दुर्बिणीकडे. मधला जोड मग कोणाचाच उरत नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला, दुर्बिणीच्या प्रत्येक निविदेत प्रत्यक्ष वापरातील रायफल, माउंट आणि दुर्बीण यांची एकत्रित चाचणी अनिवार्य असावी. शेकडो गोळ्या झाडल्यावर, वारंवार काढून बसवल्यावर, राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत नेम किती ढळतो याची कमाल मर्यादा आकड्यांत लिहिलेली असावी. ती न पाळणाऱ्याची किंमत सर्वांत कमी असली, तरी ती उघडूच नये. दुसरा, रेल आणि माउंटचे मानक लष्कराबरोबर गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांनाही लागू असावे. तिसरा, माउंटचे स्क्रू ठरावीक दाबाने आवळणारा पाना आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण प्रत्येक तुकडीपर्यंत पोहोचावे. अंदाजाने आवळलेला स्क्रू महागड्या दुर्बिणीचा खर्च वाया घालवू शकतो.

आत्मनिर्भरतेचे मोजमाप करारातील देशी घटकांच्या टक्केवारीत होते, तसे ते लक्ष्यावरील छिद्रांतही झाले पाहिजे. त्यासाठी या मधल्या जोडाची जबाबदारी कोणाची, हे करारातच नावानिशी लिहिलेले असावे.