रंग देण्याआधी ओल कुठली ते पाहा

एप्रिल जवळ आला की घराघरांत जयंतीची रंगरंगोटी सुरू होते. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत त्या पंधरा दिवसांत रंगारी हाताला लागत नाही. रोजंदारीवर जाणारा माणूससुद्धा चार पैसे बाजूला काढून भिंतीला नवा हात देतो. जयंतीला घर झळझळीत दिसते. मग पाऊस लागतो, आणि न्हाणीच्या बाजूच्या भिंतीवर नेमक्या त्याच जागी डाग उमटतो, रंग फुगतो, पोपडे गळू लागतात. एका खोलीच्या घरात न्हाणीची पाठभिंत हीच पुष्कळदा दर्शनी भिंत असते. तिच्यावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावलेली असते. ती उतरवून पाहावी तर मागचा पुठ्ठा ओला. घरधनी रंगाऱ्याला नावे ठेवतो. आमच्या मते त्या बिचाऱ्याचा दोष फार थोडा. आमच्याकडची एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की ओली भिंतही वरवर सुकलेली दिसते. आत पाणी असतेच. त्यावर ऑइल पेंट मारला की ते कोंडते, आणि भिंतीत वर चढते किंवा रंगाला ढकलून बाहेर येते.

म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे. त्याला इंजिनिअर लागत नाही. पेन्सिल, एक थाळी आणि एक सुटीचा दिवस पुरतो.

पहिला संशय नळाच्या लाइनीवर घ्यावा. ज्या रात्री नळ यायचा नसेल अशी रात्र निवडावी. झोपताना सगळ्या तोट्या बंद करून वरच्या टाकीत काठी उभी बुडवावी आणि पाणी कुठवर आले तेथे खूण करावी. सकाळी कोणी तोटी उघडण्याच्या आत तीच काठी पुन्हा बुडवावी. पाणी उतरले असेल तर पाइप, सांधा, तोटी किंवा खुद्द टाकी गळते आहे. ठिबकणाऱ्या तोटीला आपण काही मानत नाही. पण आमची कारकुनी सवय, म्हणून हिशेब मांडतो. तोटीखाली तांब्या ठेवून तासाभरात पाव लिटर जमले, तर दिवसाला सहा लिटर आणि महिन्याला १८० लिटर झाले. दोनशे लिटरचा ड्रम भरत आला की! ‘पानी उनं’ अशी हाक गल्लीत उठली की हातातले काम टाकून जी माउली हंडे घेऊन धावते, तिला विचारा एका ड्रमाची किंमत. तोटीचा वायसर मात्र काही रुपयांत येतो.

टाकीतले पाणी उतरले नाही, तर दोष न्हाणीच्या तळात असण्याचा संभव मोठा. मोरीच्या जाळीत चिंध्यांचा बोळा घट्ट बसवावा, उंबऱ्याला ओल्या मातीचा बांध घालावा आणि तळावर दोन बोटे पाणी भरून चोवीस तास तसेच ठेवावे. त्या दिवशी आंघोळी शेजारी कराव्या लागतील, त्याला इलाज नाही. पाण्याच्या काठाला पेन्सिलीची रेघ मारावी. आता खानदेशच्या हवेत पाणी आपोआपही आटते, म्हणून न्हाणीतच उंचावर एका पसरट थाळीत तेवढेच खोल पाणी ठेवावे. थाळीतले जेवढे आटले त्याच्यापेक्षा तळातले बरेच जास्त उतरले, तर तळ गळतो आहे हे नक्की.

आमच्या पाहण्यात अशा दहा न्हाण्यांतल्या सात-आठांत खोड मोरीच्या तोंडाशी निघते. जाळीखालचा नाहणी ट्रॅप आणि त्याच्या भोवतीचा कोबा यांत फट पडलेली असते. त्याच्या खालोखाल भिंत आणि फरशी जेथे मिळतात तो कोपरा. शहाबादी फरशीच्या दरजांत पांढरे सिमेंट भरून लोक मोकळे होतात. पहिले दोन महिने बरे जातात, पुन्हा तेच. ट्रॅपभोवतीची फरशी उचलून तेवढा भाग नव्याने भरावा. सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचे औषध घालावे. कोपऱ्याला गोलसर वाटा काढून तोच हात भिंतीवर निदान फूटभर चढवावा, आणि आंघोळ जेथे करतात तेथे आणखी वर न्यावा. उतार मोरीकडे चार फुटांना पाऊण इंच तरी हवा. आणि फरशी परत बसवण्याआधी पुन्हा एकदा पाणी भरून पाहावे. गवंडी कंटाळला तरी पाहावे.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मुंबईच्या माहितीपुस्तकात सापडायची नाही. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. न्हाणीचे पाणी पायाशी मुरत राहिले की घराच्या एका कोपऱ्याखालची माती फुगते, बाकीची कोरडी राहते, आणि भिंतीला तिरपी चीर जाते. ही चीर कितीही वेळा बुजवली तरी उघडते. म्हणून सांडपाणी भिंतीला लागून सोडू नये. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तेव्हा शोषखड्डा घराला चिकटून तर नकोच; दहा-बारा फूट दूर असावा. तेवढी जागा नसेल तर पाणी पक्क्या नालीने गटारीपर्यंत न्यावे.

पाणी थांबवले तरी भिंत लगेच सुकत नाही. खार फुटलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा आणि वीट उघडी ठेवावी. हे काम पाऊस सरल्यावर, विजयादशमीच्या सुमारास काढले तर मधले कोरडे महिने भिंतीच्या उपयोगी पडतात. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर देऊन ओल ‘दाबायचा’ प्रयत्न करू नये. ती दबत नाही, वर सरकते. शेवटी चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल तर हा विषय भांडणाचा होतो. ‘तुमच्या मोरीचे पाणी’, ‘नाही, तुमच्याच टाकीचे’ यावरून बोलणे तुटलेली घरे आम्ही पाहिली आहेत. दोन्ही घरांनी मिळून वरची परीक्षा पाळीपाळीने करावी. तळात भरलेल्या पाण्यात कपड्यांची नीळ घालावी. निळा ओघळ पलीकडे निघाला तर वाद मिटला. निळीचा असाही उपयोग आहे! मात्र विटेतून झिरपताना रंग मागे राहू शकतो, त्यामुळे निळे दिसले नाही म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही. जे सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतात त्यांनी आदर्श उपविधी पाहावेत. गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-मोरीची गळती ज्याची त्याने, असे त्यांत स्पष्ट आहे.

न्हाणी निर्दोष निघाली तर खिडकीतल्या कूलरकडे पाहा. मार्चपासून जूनपर्यंत त्याचे पाणी ताट्यांवरून खिडकीच्या पट्टीत आणि तेथून भिंतीत जाते. डाग खिडकीखाली असेल तर गवंडी बोलावण्याआधी कूलर हाताच्या रुंदीइतका बाहेर सरकवून पाहावा.

ओल ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वासाचे विकार वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. रात्री खोकणारे मूल त्या भिंतीला टेकून झोपत असेल तर आज रात्रीच त्याचे अंथरूण हलवावे. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून तो कोरड्या भिंतीवर घ्यावा. बोर्डाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर एक दिवसही थांबू नये.

ज्यांचे रमाई आवास योजनेतले घरकुल बांधून व्हायचे आहे त्यांना तर हे सगळे सुरुवातीलाच साधते. २६९ चौरस फुटांच्या घरात ओली भिंत सोडून बसायला दुसरी जागा नसते. जोत्याच्या वर, विटांचे काम सुरू होण्याआधी, ओल रोखणारा सिमेंटचा थर पडला की नाही हे स्वतः उभे राहून पाहावे. गवंड्याशी बोली करतानाच सांगून ठेवावे की न्हाणीत दोन दिवस पाणी भरून पाहू, भिंत कोरडी राहिली की शेवटचे पैसे देऊ. चांगला गवंडी याला हरकत घेत नाही. जो घेतो त्याच्या हाताखाली घरातले एक माणूस दिवसभर उभे ठेवावे, कारण फरशीखाली काय गेले ते फरशी बसल्यावर दिसत नाही.