दिल्याने वाढणारे गाणे

'रिमिक्स' हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत फारशा आदराने उच्चारला जात नाही. त्याला कारणेही तशीच आहेत. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी गायिलेले, राहुलदेव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले 'काँटा लगा' हे गीत २००२ मध्ये नव्या ठेक्यावर, नव्या आवाजात आणि एका उत्तान चित्रफितीसह बाजारात आले. पाठोपाठ अशा गाण्यांची लाटच उसळली. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटली की पूर्वसूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती काढण्याची मुभा त्या काळी कायद्यात होती. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि मूळ कृतीत फेरफार करण्याला बंधन घातले. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. रिमिक्स म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची तिजोरी आपली म्हणून मिरविणे, अशी समजूत रूढ झाली.

तरीही खुद्द लतादीदींची भूमिका अधिक सूक्ष्म होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांनी या प्रकारांविषयी खेद व्यक्त केला. परंतु गीताचे मूळ स्वरूप राखून ते नव्या साजात मांडण्याला त्यांचा आक्षेप नव्हता. गाण्याची मोडतोड करणे आणि मूळ रचनाकाराचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणे, हे त्यांना अयोग्य वाटत होते. मूळ भाव टिकला काय आणि श्रेय ज्याचे त्याला मिळाले काय, हे दोन प्रश्न त्यांच्या निवेदनातून कसोटी म्हणून हाती लागतात. ही कसोटी एका अगदी परक्या, किंबहुना मराठी श्रोत्याला सकृद्दर्शनी अप्रिय वाटणाऱ्या संगीतालाही लावून पाहावी. निष्कर्ष विचार करावयास लावणारा निघतो.

हे उदाहरण अमेरिकेतील 'रन द ज्युअल्स' या हिप-हॉप जोडीचे आहे. मायकेल रेंडर ऊर्फ किलर माइक हा अटलांटाचा कृष्णवर्णीय, एका पोलिसाचा मुलगा. जेमी मेलीन ऊर्फ एल-पी हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला गौरवर्णीय. दोघांचा जन्म १९७५ चा. २०१२ मध्ये माइकच्या एका अल्बमची निर्मिती एल-पीने केली आणि पुढच्याच वर्षी दोघांनी ही जोडी जमविली. अमेरिकी रस्त्यावरच्या बोलीत या नावाचा अर्थ 'अंगावरचे दागिने काढून हवाली कर' असा होतो. नाव असे लुटारूचे. आचरण मात्र नेमके उलट. २०१३ चा पहिला अल्बम त्यांनी इंटरनेटवरून विनामूल्य वाटला आणि त्यानंतरच्या तीनही अल्बमच्या बाबतीत तोच परिपाठ ठेवला.

चौथा अल्बम, 'आरटीजे ४', ५ जून २०२० रोजी यावयाचा होता. २५ मे रोजी मिनियापोलिस येथे एका पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची मान गुडघ्याखाली दाबून धरली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. शहरामागून शहरे रस्त्यावर उतरली. या जोडीने ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता ३ जूनलाच अल्बम श्रोत्यांच्या हाती दिला, तोही विनामूल्य. ज्यांना पैसे द्यावयाचे असतील त्यांनी ते आंदोलकांना कायदेशीर साहाय्य देणाऱ्या वकिलांच्या संघटनेला द्यावेत, असे आवाहन केले. फुकट वाटूनही हा अल्बम अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या दहांत पोहोचला. आधीच्या तिघांपैकी एकालाही तो मान मिळाला नव्हता.

या अल्बममधील 'वॉकिंग इन द स्नो' हे गीत ऐकून फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर घाईने रचले असावे, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः ते त्याआधीच ध्वनिमुद्रित झालेले होते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात पोलिसांच्या पकडीत प्राण गमावलेल्या एरिक गार्नर यांचे अखेरचे शब्द त्यात येतात. सहा वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून तेच शब्द निघाले, यात कवीचे द्रष्टेपण नाही. समाजाचे जागच्या जागी थांबणे आहे. त्या गीताचा सर्वांत तीक्ष्ण भाग पोलिसांवर नाही, प्रेक्षकांवर आहे. घरात बसून पडद्यावर दुसऱ्याचा मृत्यू पाहावा, चार शब्दांचा संताप समाजमाध्यमावर टाकावा आणि कर्तव्य संपले असे मानावे, या वृत्तीवर तो आघात आहे. अमेरिकेचा संदर्भ काढून टाकला तरी हा बाण मराठी दिवाणखान्यापर्यंत सहज पोहोचतो.

या अल्बमची जोडकृती दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. 'आरटीजे क्वात्रो' असे तिचे नाव. स्पॅनिशमध्ये क्वात्रो म्हणजे चार. निक हूक या न्यूयॉर्कच्या निर्मात्याच्या देखरेखीखाली चौथ्या अल्बमची गाणी लॅटिन अमेरिकी कलाकारांच्या स्वाधीन करण्यात आली. मेक्सिकोतील तोय सेलेक्ता आणि 'मेक्सिकन इन्स्टिट्यूट ऑफ साउंड', कोलंबियातील 'बोम्बा एस्तेरेओ' अशा मंडळींनी त्यांना आपापल्या भूमीचे ताल दिले. 'ऊ ला ला' या गीतात मेक्सिकोचा तरुण रॅपर सांता फे क्लान स्पॅनिशमधून आपले स्वतंत्र कडवे म्हणतो. 'वॉकिंग इन द स्नो' हे 'कामिनांदो एन ला निएवे' या स्पॅनिश नावाने पुन्हा अवतरते.

आता ती कसोटी लावावी. मूळ भाव टिकला काय? टिकला, आणि त्याला नवा संदर्भही मिळाला. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सहा कोटींहून अधिक लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. सीमेवर बालकांना कोंडून ठेवण्याचा उल्लेख मूळ गीतातच होता. तो प्रश्न ज्यांच्या घरचा, त्यांच्या भाषेत ते गीत गेले. श्रेय ज्याचे त्याला मिळाले काय? मिळाले, पाहुण्या कलाकारांची नावे मूळ जोडीच्या नावालगत सन्मानाने आली. येथे कोणी कोणाच्या घरात शिरले नाही. मालकाने स्वतः दार उघडले आणि 'हे तुमचेही आहे' असे म्हटले. भारतात बदनाम झालेल्या रिमिक्समध्ये आणि या रिमिक्समध्ये अंतर आहे ते येथे. तंत्र एकच, नीती निराळी.

हिप-हॉपच्या मुळाशीही हेच आहे. जमैकात ध्वनिमुद्रिकेच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची, गायकाचा आवाज काढलेली आवृत्ती देण्याची प्रथा होती. त्या मोकळ्या तालावर कोणीही आपले बोल म्हणावेत. जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतील एका मेळाव्यात दोन तबकड्या शेजारी ठेवून एकाच ठेक्याचा तुकडा पुनःपुन्हा वाजविला आणि हिप-हॉपचा प्रारंभ तेथून मानला जातो. दुसऱ्याने आपला शब्द घालावा यासाठी जागा मोकळी ठेवणे हा या कलेचा जन्मस्वभाव आहे. ज्या समाजाने गीतेवरचे भाष्य ओवीत ऐकले आणि एकच अभंग गावोगावी वेगवेगळ्या चालींत म्हटला, त्याला हा विचार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मूळ ग्रंथाचा मान राखून तो स्वभाषेत आणणे याला कोणी मोडतोड म्हटले नाही.

या जोडीने दातृत्वाचा आणखी एक प्रयोग पूर्वी केला होता, तो सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. २०१४ मध्ये एल-पीने थट्टेने जाहीर केले की चाळीस हजार डॉलर मिळाल्यास दुसऱ्या अल्बमचे सगळे संगीत मांजरांच्या आवाजांतून नव्याने रचू. एका चाहत्याने ते शब्दशः घेऊन वर्गणी सुरू केली आणि पासष्ट हजारांहून अधिक डॉलर जमले. थट्टा अंगाशी आली असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. तसे न करता त्यांनी शब्द पाळला. जेफ बॅरो, जस्ट ब्लेझ, प्रिन्स पॉल यांच्यासारखे नामांकित निर्माते सोबत घेतले आणि २०१५ मध्ये 'म्याव द ज्युअल्स' विनामूल्य प्रसिद्ध केला. त्यातून येणारा पैसा एरिक गार्नर आणि फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीने मृत्यू पावलेला मायकेल ब्राऊन यांच्या कुटुंबीयांसाठी ठेवण्यात आला. विनोदाला विवेकाची जोड मिळाली की काय घडते, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

तथापि, या संगीताचे सरसकट गुणगान करणेही योग्य ठरणार नाही. या गीतांत शिवराळ शब्दांची रेलचेल आहे. अमली पदार्थांचे आणि शस्त्रांचे उल्लेख सहजपणे येतात. रस्त्यावरच्या जगण्याचे वास्तव तसेच आहे, असा युक्तिवाद त्यासाठी केला जातो. वास्तवाचे चित्रण करणे आणि वास्तवाच्या भाषेत अडकून पडणे यांत फरक आहे. ज्यांचे म्हणणे घराघरात पोहोचावयास हवे, त्यांनीच अशी भाषा वापरावी की ती आई-वडील आणि मुले एकत्र बसून ऐकू शकत नाहीत, यात त्यांच्याच कार्याची हानी आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती हे संगीत विनाविचार पडू नये, अशी दक्षता पालकांनी घेणे रास्तच आहे.

पण केवळ बंदी घालून प्रश्न सुटत नाही, कारण याच किलर माइकच्या जीवनात एक प्रसंग असा आहे की तो कोणत्याही कार्यकर्त्याने समजून घ्यावा. २९ मे २०२० च्या संध्याकाळी अटलांटा शहरात जाळपोळ सुरू झाली असता महापौरांनी बोलाविलेल्या पत्रकार परिषदेत तो उभा राहिला. आपल्या मालकांचा संहार करा, अशा अर्थाचे शब्द त्याच्या अंगरख्यावर होते आणि डोळ्यांत अश्रू होते. शत्रूवरच्या रागापोटी स्वतःचे घर जाळू नका, उलट ते घर अधिक बळकट करा, असे त्याने आपल्या लोकांना विनविले. योजना आखा, संघटित व्हा आणि मतदानाच्या मार्गाने उत्तरदायित्व वसूल करा, हा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पाचच दिवसांनी त्याचा सर्वांत संतप्त अल्बम जगापुढे आला. संताप गाण्यात ओतावा आणि हात मात्र बांधणीच्या कामाला लावावेत, हा विवेक त्या रात्री एका रॅपरने दाखविला. त्याच वर्षी ज्येष्ठ नागरी हक्क नेते अँड्र्यू यंग यांच्यासमवेत त्याने 'ग्रीनवूड' या डिजिटल बँकेची घोषणा केली. १९२१ मध्ये जमावाने बेचिराख केलेल्या टल्सा शहरातील कृष्णवर्णीयांच्या समृद्ध वस्तीचे नाव तिला दिले गेले. जळालेल्या वस्तीची आठवण त्याने नव्या उभारणीला जोडली.

मराठी घरांतील तरुण मुले आज कानांत यंत्रे घालून काय ऐकतात, याची चिंता वडीलधाऱ्यांना वाटते आणि ती स्वाभाविक आहे. मात्र त्यांना विचारावयाचा प्रश्न 'हे काय ऐकतोस?' एवढाच नसावा. 'यात तुझे काय आहे?' हा असावा. मेक्सिकोच्या तरुणाने अमेरिकी ठेका घेतला, पण बोल आईच्या भाषेतले म्हटले. म्हणून तो नकलाकार ठरला नाही, भागीदार ठरला. मराठी तरुणानेही परका ताल जरूर घ्यावा. परंतु त्या मोकळ्या जागेत शिव्या आणि उसने दुःख भरण्याऐवजी आपल्या गावचा दुष्काळ, आपल्या वस्तीतील अन्याय आणि आपल्या भाषेचे तेज भरावे. ताल मागून आणता येतो. शब्द आणि त्यामागची तळमळ मात्र घरचीच असावी लागते.

विद्या दिल्याने वाढते, हे सुभाषित प्रत्येक मराठी मुलाने शाळेत पाठ केलेले असते. 'दागिने हवाली कर' असे नाव धारण करणाऱ्या दोघांनी आपलेच दागिने वाटून ते गाण्याच्या बाबतीत खरे करून दाखविले. ज्यांच्याकडे या सुभाषिताचा वारसा आहे, त्यांनी ते आपल्या आचरणात कितपत उतरविले, याचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच मांडावयाचा आहे.