टेट्रिसचा इतिहास १९८९ पासून सुरू होत नाही

१/८
‘टेट्रिस म्हणजे गेमबॉय’ हे समीकरण इतके रूढ झाले आहे की, इतिहासाचे जाणकार म्हणवणारेही ही कथा १९८९ पासून आरंभतात. हा विक्रेत्यांचा इतिहास आहे. तो निमूटपणे स्वीकारणे इतिहासप्रेमींना शोभत नाही. का, ते क्रमाने पाहू.

२/८
१९८४, मॉस्को. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘इलेक्ट्रोनिका ६०’वर हा खेळ रचला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत. म्हणून पडणारे ठोकळे त्यांनी कंसाच्या चिन्हांनी साकारले. चार चौकोनांचे सात आकार; आडवी ओळ भरली की ती नाहीशी. खेळाचा गाभा इथेच सिद्ध झाला.

३/८
पुढे दिमित्री पाव्लोव्स्की आणि अवघ्या सोळा वर्षांचा वादिम गेरासिमोव यांच्या साहाय्याने तो आयबीएम पीसीवर रंगांसह अवतरला. मग फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला होत तो पसरला. जाहिरात नाही, दुकान नाही, किंमतही नाही.

४/८
१९८६ मध्ये रॉबर्ट स्टाइन या व्यावसायिकाने तो बुडापेस्टमध्ये पाहिला. १९८७-८८ मध्ये ब्रिटनच्या मिररसॉफ्टने आणि अमेरिकेच्या स्पेक्ट्रम होलोबाइटने तो बाजारात आणला. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम अशा घरगुती संगणकांवर लोक तो खेळू लागले. स्पेक्ट्रमवर तर कॅसेट लावून, तिचा कर्कश आवाज ऐकत काही मिनिटे ताटकळावे लागे. गेमबॉय तेव्हा बाजारात यायचाच होता.

५/८
फेब्रुवारी १९८९. सोव्हिएत सरकारी संस्था ‘एलोर्ग’चे निकोलाय बेलिकोव यांनी स्टाइन यांच्या करारात ‘संगणका’ची व्याख्या घातली: प्रोसेसर, पडदा, डिस्क ड्राइव्ह, कळफलक आणि ऑपरेटिंग सिस्टिम असेल तोच संगणक. हातात मावणारी यंत्रे आणि कन्सोल व्याख्येबाहेर राहिले. ते हक्क निन्टेन्डोपर्यंत पोहोचले.

६/८
ती रेघ वकिली सोयीची होती. तिने हक्क वाटले. श्रेय वाटतानाही इतिहासकारांनी तीच रेघ का पाळावी? कराराच्या एका बाजूला कीर्ती आणि दुसऱ्या बाजूला विस्मृती, हा कुठला न्याय?

७/८
गेमबॉयने हा खेळ कोट्यवधींच्या हाती दिला, हे निर्विवाद. परंतु पोथी छापखान्यात पोहोचण्याआधी कित्येक हातांनी नकलून काढलेली असते. मुद्रकाचा गौरव जरूर करावा. त्यासाठी कर्त्याला आणि नकलनविसांना पुसून टाकण्याचे कारण नाही.

८/८
फुकट नकलांचे विक्रीचे आकडे नसतात. म्हणून केवळ आकडे मोजणाऱ्या इतिहासात त्या फ्लॉपी फिरवणाऱ्या हातांना जागा मिळत नाही. यापुढे कोणी टेट्रिसची कथा १९८९ पासून सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा: मग आधीची पाच वर्षे ठोकळे कोणाच्या पडद्यावर पडत होते?