मिंकवर हसण्याआधी...

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्याही ग्रुपवर ती बातमी फिरली असेल. डेन्मार्कमध्ये पुरलेले मिंक म्हणे जमिनीतून वर येतायत! खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. '२०२० मध्ये एवढंच बाकी होतं,' असं मीही टाकलं. मग बातमी नीट वाचली आणि गुपचूप मेसेज डिलीट केला.

भूतबित काही नाही. मेलेलं शरीर कुजताना आत वायू होतो, ते फुगतं आणि वरची माती कमी असली की वर येतं. भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे.

मिंक म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट प्राणी. त्याच्या मऊ फरचे महागडे कोट होतात. डेन्मार्कमध्ये असे दीड कोटीहून जास्त मिंक पिंजऱ्यांत होते. त्यांना कोरोना दिला कुणी? माणसांनीच! पिंजऱ्याला पिंजरा लागलेला, त्यामुळे विषाणूला रान मोकळं. तो तिथे पसरला, बदलला आणि पुन्हा माणसांत आला. 'क्लस्टर ५' हा बदललेला प्रकार १२ जणांत सापडला. ४ नोव्हेंबरला पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी देशातले सगळे मिंक मारायचं जाहीर केलं. नंतर कळलं, निरोगी मिंक मारायला लावणारा कायदाच नव्हता. कृषिमंत्र्यांची खुर्ची गेली.

मारणं चूकच होतं, असं मी म्हणणार नाही. लस दारात आलेली असताना एवढी रिस्क कोण घेईल? पण नेदरलँड्समधल्या मिंकना लागण झाल्याचं एप्रिलमध्येच कळलं होतं. डेन्मार्कमध्येही जूनमध्ये पहिला फार्म सापडला. मग नोव्हेंबर का उजाडावा लागला?

आपल्याकडे मिंक नाहीत, कोंबड्या आहेत. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. आजार आधी दिसतो तो शेड झाडणाऱ्या माणसाला. त्याने सांगितलं तर मालकाचा धंदा बसणार. भरपाई वेळेवर मिळेल याची खात्री नसेल तर तो मालक सरकारला कळवेल, की रातोरात खड्डा खणेल? त्याच्या जागी तुम्ही असता तर?

माझ्या मामाची छोटी पोल्ट्री आहे. परवा फोनवर विचारलं, "मामा, एकदम पन्नास कोंबड्या मेल्या तर आधी कुणाला सांगशील?"

"व्यापाऱ्याला," मामा म्हणाला. "उरलेल्या आधी विकायला नकोत?"