पंपाची कुरकुर

"अरे, तू कला शाखेचा विद्यार्थी. कथा लिही, कविता लिही. पंपावर कसला लेख लिहितोस?" असे म्हणून माझे मित्र हसले. मित्रहो, आपणही हसाल. पण जरा ऐकून घ्या.

माझे बाबा मांडव्याला एका बंगल्यावर राखणदार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. 2020 साली भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी मोटारी घेऊन येणारे पाहुणे वाढले. बंगल्याच्या दिवाणखान्यात हौसेने काचेची टाकी आली. तिच्यात अकरा गोल्डफिश आणि शेजारच्या लाकडी फळीवर हवेचा पंप. साहेब बाबांना म्हणाले, "हा चालू ठेवायचा." बस्स, एवढेच. का चालू ठेवायचा, हे कोणी सांगितले नाही आणि बाबांनी विचारले नाही. नोकरीत 'का' विचारायची आपल्याकडे रीत कुठे आहे?

पुढे पंप कुरकुरू लागला. गेल्या मे महिन्यात पाहुणे उतरले होते. रात्री एक जण बाहेर येऊन म्हणाले, "काका, ते मशीन बंद करा हो, झोप येत नाही." बाबांनी बटण बंद केले. सकाळी पाहतात तो सात मासे उलटे तरंगत होते, उरलेले चार पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. सात माशांचे पैसे बाबांच्या पगारातून कापले गेले. घरी येऊन बाबा एवढेच म्हणाले, "मना कोनी सांगलाच नाय."

ते वाक्य मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी पंपाची पिन काढून मी तो उघडला. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे, एका दांडीवर लोहचुंबक आणि दांडीच्या टोकाला रबरी पडदा. दहावीच्या विज्ञानात पाठ केलेला विद्युतचुंबक मला त्या दिवशी प्रथम भेटला! आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. तितक्याच वेळा ती दांडी मागेपुढे हलते, पडदा भात्यासारखा काम करतो आणि झडपांतून हवा पुढे जाते. म्हणजे थोडी गुणगुण ही पंपाची प्रकृतीच. पण कुरकुर वाढली, तर ती तक्रार समजावी. आमच्या पंपाच्या तीन तक्रारी होत्या. पाण्यातला हवेचा दगड क्षार साचून बुजला होता, त्यामुळे पडद्यावर ताण येऊन त्याला चीर गेली होती. हवा आत घेणारा नमद्याचा तुकडा धुळीने भरला होता. आणि पंप थेट लाकडी फळीवर असल्याने सारी फळीच ढोलकीसारखी घुमत होती. नवा पडदा, नवा दगड, धुतलेला नमदा आणि खाली स्पंजचा तुकडा, एवढ्यावर काम भागले. पंपही पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवला. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात शिरते.

मग मासे का मेले? पंप माशांना बुडबुडे खायला घालत नाही. बुडबुडे पाणी ढवळतात, वरचे पाणी खाली आणि खालचे वर येते आणि पृष्ठभागावरून प्राणवायू पाण्यात मिसळतो. 20 अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना साडेसातच. त्यात रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत बिकट. मे महिन्यातला उकाडा, दाटीने ठेवलेले मासे आणि रात्रभर बंद पंप! दुसरे काय होणार?

वीज गेली तरी मार्ग असतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक दिवस आमच्याकडे वीज नव्हती. अशा वेळी टाकीतलेच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे आणि माशांना खाणे घालू नये. यासाठी ना पदवी लागते, ना पैसा. कारण तेवढे ठाऊक असावे लागते.

कोणी म्हणेल, नोकराने सांगितले तेवढे करावे, त्याला शास्त्र कशाला? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्याला केवळ हुकूम मिळतो, तो दुसरा हुकूम आला की पहिला मोडतो. बाबांनी तेच केले. ज्याला कारण कळते, तो नम्रपणे म्हणू शकतो, "साहेब, आवाज कमी करतो, पण पंप बंद करता येणार नाही." साहेबांनाच मी दोष देत नाही. टाकी विकणाऱ्याने त्यांना तरी कुठे काय सांगितले होते? पण न सांगितल्याची किंमत मात्र सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाने भरली.

ज्याच्या हाती काम, त्याच्या कानी कारण गेलेच पाहिजे. आपण शिकलेल्यांनी घरी जाऊन निदान एवढे तरी करावे. टाकीशेजारी मी मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद चिकटवला आहे: पंप का चालू ठेवायचा, कुरकुरला तर काय पाहायचे, वीज गेली तर काय करायचे. बाबा सावकाश वाचतात, पण वाचतात.

परवा एका पाहुण्यांनी पुन्हा आवाजाची तक्रार केली. बाबांनी त्यांना तो कागद दाखवला. पंप रात्रभर चालू राहिला.

— द्वितीय वर्ष, कला