परसातील फूल कोणाचे?

माघ शुद्ध पंचमीस वसंताची चाहूल लागते, आणि चैत्राची गुढी उभी राहीपर्यंत त्या ऋतुराजाचा अंमल पुण्यावर पुरता बसलेला असतो. आंबा मोहोरतो, कडुनिंब पांढऱ्या बारीक फुलोऱ्याने भरून जातो, शहराबाहेरच्या माळांवर पळस, पांगारा आणि सावर यांच्या निष्पर्ण फांद्यांवर तांबड्या फुलांचे घोस डुलू लागतात. परंतु आपण मार्केट यार्डच्या शेजारी राहणारी माणसे. आपल्याकडे फुलांस ऋतूचे बंधन नाही. पुरंदर, हवेली, दौंड या तालुक्यांतील शेतकऱ्यांचा माल येथील फुलबाजारात पहाटेस येऊन पडतो. झेंडू आणि शेवंतीचे ढीग, निशिगंधाच्या राशी, गुलाबाच्या गड्ड्या, आडत्यांचा पुकारा आणि गिऱ्हाइकांची घासाघीस, असा हा सोहळा बाराही महिने चालू असतो. त्यामुळे येथील मुलास झेंडूचा आजचा भाव सांगता येईल. मात्र स्वतःच्या घराच्या कुंपणावरील जास्वंदीवर रोज सकाळी कोणता पक्षी येतो, हे सांगता येईलच अशी खात्री देववत नाही.

ह्या लेखात आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे. बाजारातील फूल शेतकऱ्याचे, आडत्याचे आणि शेवटी विकत घेणाऱ्याचे, हे उघड आहे; पण परसातील फूल कोणाचे? ज्याने रोप लावले व पाणी घातले त्याचे, असे उत्तर बहुतेक जण देतील. आमच्या मते ते उत्तर अर्धेच खरे आहे.

फूल हे झाडाने मनुष्याच्या शोभेसाठी निर्माण केलेले नाही. ते त्याच्या वंशवृद्धीचे साधन आहे. एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचावा म्हणून झाड रंग, गंध आणि मध यांचे आमंत्रण पाठविते. हे आमंत्रण कोणास आहे, ते फुलाच्या रूपावरून पुष्कळदा ओळखता येते. मोगरा, निशिगंध, रातराणी यांची फुले पांढरी अगर फिकट असतात व त्यांचा वास सांजवेळेनंतर दरवळतो, कारण त्यांचे पाहुणे अंधारात हिंडणारे पतंग होत. याउलट पांगारा आणि सावर यांच्या फुलांस वास जवळजवळ नसतो; पण त्यांचा लाल रंग दुरून दिसतो व त्यांत मध विपुल असतो. हे आमंत्रण पाखरांस आहे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सूर्यपक्षी असे कितीतरी पाहुणे फुललेल्या पांगाऱ्यावर एका सकाळी गर्दी करतात.

यांपैकी सूर्यपक्षी, ज्यास कोणी शिंजीर म्हणतात, तो आपल्या परसातील नेहमीचा पाहुणा आहे. लांबी जेमतेम चार इंच, चोच बारीक आणि बाकदार. एरवी साधा पिवळट दिसणारा जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर वसंतात असा काही पालटतो की ऊन पडताच त्याच्या निळ्याजांभळ्या अंगावर तेज खेळू लागते. जास्वंदीचे फूल त्याच्या चोचीच्या मानाने खोल असते. तेव्हा हा चतुर प्राणी पुष्कळदा फुलाच्या बुडाशी भोक पाडतो आणि परागास स्पर्शही न करता मध पिऊन पसार होतो! उपकाराची फेड न करणारा असा हा पाहुणा. तरीही त्याने त्या झाडावर यावे असे आम्हांस वाटते, कारण मधाबरोबर तो किडे आणि कोळीही टिपतो, आणि आपल्या पिलांस तर मुख्यत्वे तोच आहार भरवितो.

आता आपल्या वसाहतींतील पहाटेचा देखावा डोळ्यांसमोर आणावा. सूर्य उगवण्यापूर्वीच हातात पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन काही सज्जन स्त्रीपुरुष फिरावयास निघतात. कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंदीची फूल घालू पाहणारी कळी, कण्हेर, तगर, अनंत, जे हातास लागेल ते पिशवीत जाते. घरोघरचे यजमानही मागे राहत नाहीत. शेजाऱ्याने नेण्यापूर्वी आपणच तोडावे, असा त्यांचा हिशेब. सात वाजता पाखरे येतात, तेव्हा झाडावर हिरव्या पानांवाचून काही उरलेले नसते. हे आम्ही कोणास चोर ठरविण्याकरिता लिहीत नाही. देवास फूल वाहण्याची भावना पवित्र आहे, आणि स्वतः वाढविलेल्या झाडाचे फूल वाहण्यात विकतच्या फुलाहून अधिक जिव्हाळा आहे, हेही आम्ही मान्य करतो. आजीने परडी घेऊन परसात जावे व नातवाने तिच्यामागून धावावे, हे चित्र कोणास प्रिय नाही? परंतु आजीच्या परडीत चार फुले असत व झाडावर चाळीस राहत. आज झाड एक आणि पिशव्या चार, अशी अवस्था आहे. प्रमाण बिघडले, की चांगल्या रीतीचेही दुष्परिणाम होतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, परसातील फुलांपैकी दोनचार घ्यावीत व बाकीची झाडावर राहू द्यावीत. हार, तोरण, सण यांसाठी अधिक लागतील ती बाजारातून आणावीत. मार्केट यार्डच्या शेजाऱ्यांस ही गोष्ट मुळीच अवघड नाही. ती फुले शेतकऱ्याने तोडण्यासाठीच लाविलेली असतात. त्यांच्या विक्रीवर त्याच्या मुलाबाळांचे शिक्षण अवलंबून असते. म्हणजे बाजाराचे फूल घेतल्याने एका कुटुंबास अन्न मिळते, आणि परसातील फूल ठेवल्याने दुसऱ्या, पंख असलेल्या कुटुंबास. इतक्या स्वल्प खर्चात दोन पुण्ये जोडण्याची संधी सर्वांस लाभत नाही.

ही दृष्टी आपल्यास परकी नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात चिंताक्रांत श्रोत्यांस उपदेश करताना आकाशातील पाखरे आणि रानातील फुले हीच दोन उदाहरणे पुढे ठेविली. आणि ती तोडावयास नव्हे, तर नीट पाहावयास सांगितली. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांस ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी रानात एकट्या फुललेल्या फुलावर कविता केली, आणि ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत पिलांच्या काळजीने व्याकुळ झालेल्या घायाळ पक्षिणीचे दुःख गाइले. ती कविता पाठ करून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी डोळे पुसले आहेत. आज गल्लीत पाखरांस बाण मारणारा शिकारी नाही, हे खरे. पण पाखराचे अन्न आणि निवारा काढून घेतला, तर बाणाची गरज तरी काय उरते?

यावर कोणी म्हणेल, “परस आहे कोणाकडे? बंगले पाडून इमारती झाल्या, अंगणात फरशा बसल्या, जेथे पारिजातक होता तेथे मोटारी उभ्या राहतात.” ही तक्रार रास्त आहे, आणि नव्या इमारती बांधविणाऱ्या पालकांनी तिचा विचार करावा. मोटारीस जागा हवी, पण सगळीच जमीन फरशीखाली गाडली पाहिजे असे नाही. भिंतीच्या कडेने दोन हात रुंद माती उघडी राहिली, तरी तीत जास्वंद, कढीलिंब आणि शेवगा उभा राहतो. शेवग्याच्या शेंगा स्वयंपाकघरात जातात व फुले सूर्यपक्ष्यास मिळतात. कढीलिंबाची पाने आपण घ्यावीत आणि पिकलेली काळी फळे बुलबुल व कोकिळा यांस सोडावीत. ज्यांचे घर चौथ्या मजल्यावर आहे, त्यांनी सज्जात कुंड्या ठेवाव्यात. एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. पुष्कळ पाकळ्यांची, गेंदेदार, नव्या जातीची फुले दिसावयास भारी असली तरी त्यांत पराग व मध बहुधा कमी असतो, आणि असला तरी पाकळ्यांच्या दाटीत पाहुण्यास तो सापडत नाही. साधी पाच पाकळ्यांची तांबडी जास्वंद पाखरांच्या दृष्टीने अधिक श्रीमंत असते.

झाड लाविल्यावर बागेत फार टापटीप करू नये, असेही आम्ही सुचवितो. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांस भोके पाडून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पाने शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. ते पान वाकडे दिसते म्हणून माळ्याने छाटले, की एक संसार उद्ध्वस्त झाला. ‘टुक् टुक्’ असा एकसुरी ठोका दुपारभर देणारा तांबट वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो. ती फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचे भय नसेल, तर राहू द्यावी. किडा दिसताच औषध फवारण्याची घाईही बरी नव्हे. चिमणी दाणे खाते हे आपण जाणतो. परंतु तिची पिले पहिल्या दिवसांत कोवळ्या अळ्या व किडे यांवरच पोसली जातात. धान्याच्या पेठेशेजारी चिमणीस दाण्यांचा तोटा नसावा. तिच्या पिलांस अळी मिळते की नाही, हा खरा प्रश्न आहे. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० साली जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात चिमण्यांची संख्या एकंदर देशात बरीचशी स्थिर असली तरी मोठ्या शहरांत ती घटत असल्याचे दिसून आले. २० मार्च हा दिवस चिमणीचा म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवशी लाकडी घरटे टांगणे चांगले. पण उरलेले दिवस अळ्यांचे झुडूप राखणे त्याहून चांगले.

दाण्यांचा विषय निघाला म्हणून पारव्यांविषयी एक शब्द. पुण्य जोडावे म्हणून पुष्कळ लोक सज्जात व चौकांत पारव्यांपुढे ओंजळी रित्या करतात. हेतू चांगला, परंतु परिणाम चांगला नाही. फुकटच्या अन्नाने पारवे बेसुमार वाढतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा विकार जडू शकतो. पाखरांस द्यावयाचेच असेल, तर उन्हाळ्यात उथळ मातीच्या परळात पाणी द्यावे, ते रोज बदलावे व परळ घासून ठेवावा. नाहीतर डासांची पैदास होईल.

आता पालकांच्या मनातील मुख्य शंकेकडे वळू. “पाखरे पाहून गुण मिळतात काय?” असा प्रश्न परीक्षेचे दिवस जवळ आले की ऐकू येतो. त्यास एका मुलाची हकीकत हेच उत्तर आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईतील एका बालकाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो चकित झाला. चुलीवर चढविण्याऐवजी त्याच्या मामांनी त्यास ती चिमणी घेऊन मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत मिलर्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी त्या पोरास हसून घालविले नाही. ती रानचिमणी असल्याचे सांगून संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्यास दाखविला. तोच मुलगा पुढे डॉक्टर सलीम अली या नावाने जगद्विख्यात झाला, आणि १९४१ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकाने हिंदुस्थानातील असंख्य वाचकांस पाखरांची ओळख करून दिली. तरुणपणी त्याची खरी आवड ओळखून त्यास प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविणारे सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर हे स्वतः थोर वनस्पतिशास्त्रज्ञ व मिशनरी होते. मुलाच्या एका प्रश्नाचे वडीलधाऱ्यांनी नीट उत्तर दिले, तर काय घडते, हे यावरून दिसते. प्रत्येक मुलगा सलीम अली होणार नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही नाही. परंतु स्थिर बसून, मुकाट्याने, एका वस्तूकडे पंधरा मिनिटे एकाग्रतेने पाहण्याची सवय ज्यास लागली, त्याचा गणितातही तोटा होणार नाही.

पंधरा मिनिटांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. अमेरिकेत १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस परसातील पाखरांची गणना करण्याचा उपक्रम चालतो. २०१३ पासून तो सर्व जगास खुला झाला असून आपल्या देशातील हजारो लोक त्यात भाग घेतात. अट इतकीच, की एका जागी निदान पंधरा मिनिटे पाहावे आणि दिसलेल्या पाखरांची नावे व संख्या लिहून पाठवावी. त्यास दुर्बीण लागत नाही, प्रवेशशुल्क नाही, आणि शाळेतील मुलाची प्रामाणिक नोंद शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते.

तेव्हा, विद्यार्थ्यांनो, ह्या सुटीत एक वही करा. डाव्या पानावर आपल्या घराभोवतीच्या झाडांस कोणत्या दिवशी फुले आली ते लिहा. उजव्या पानावर त्या फुलांवर कोण आले ते लिहा. दयाळ हिवाळाभर गप्प असतो आणि वसंतात एकाएकी गाऊ लागतो; त्याचे पहिले गाणे कोणत्या तारखेस ऐकिले, तेही टिपून ठेवा. पुढील वर्षी त्या तारखा ताडून पाहा. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी की, पहाटे परडी भरण्यापूर्वी मुलास झाडाजवळ न्यावे आणि कोणती फुले घ्यावयाची व कोणती ठेवावयाची, हे त्यासच ठरवू द्यावे. फूल तोडल्याने ते एका दिवसापुरते आपले होते. झाडावर राहू दिल्याने ते सूर्यपक्ष्याचे होते, मधमाशीचे होते, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचे होते. आणि पाहणाऱ्या मुलाच्या वहीत त्याची तारीख राहते.