पाव घरात भाजावा

मिसळीच्या रश्श्यात, बटाटेवड्याच्या सोबतीस, सकाळच्या चहाच्या पेल्यात आणि आजाऱ्याच्या दुधाच्या वाटीत ज्या पदार्थाचा अंमल आज मराठी दिनचर्येवर निर्वेधपणे चालतो, तो पाव आपल्या घरच्या चुलीवर मात्र कधी जन्मला नाही, आणि तो तेथे जन्मावा अशी उत्कंठाही आपण फारशी बाळगली नाही. पोळी, भाकरी, आंबोळी, घावन ही सारी घरची अपत्ये. पाव तेवढा दाराशी येणारा पाहुणा. ही वहिवाट आता मोडावी, यीस्टने फुगवलेल्या पिठाचा पाव मराठी घरात भाजला जावा, आणि त्याचा श्रीगणेशा सफरचंद व दालचिनी घातलेल्या, हाताने तोडून खावयाच्या गोड पावाने, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘पुल-अपार्ट ब्रेड’ म्हणतात त्याने करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पाव घराबाहेर का राहिला, याची कारणे पाकशास्त्रात नसून समाजाच्या इतिहासात आहेत. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला. यीस्ट सहज मिळत नसे त्या काळी तेथील पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाच्या सुरेने पीठ फुगवण्याची युक्ती काढली, आणि त्या पावाला तिच्यामुळेच एक निराळी रुची लाभली. परंतु ख्रिस्ती हातांनी भाजलेला तो पाव हिंदू घराला निषिद्ध ठरला, तो इतका की 1849 मध्ये मुंबईत गुप्तपणे स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या सभासदांनी जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून जी कृती निवडली, ती ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाण्याची. पुढे 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि कित्येकांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. ज्या वस्तूचा एक घास घेणे हेच धाडस होते, ती आपल्या माजघरात करून पाहण्याचा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवणार? यथाकाल तो वाद शमला. पण तो शमला तेव्हा नाक्यानाक्यावर बेकऱ्या उभ्या होत्या, आणि भट्टी ही बेकरीवाल्याची, घराची नव्हे, असा दस्तूर पडून गेला होता. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यातून बेकरीत नेऊन द्यावी आणि सायंकाळी नानकटाई घेऊन परतावे, ही कित्येक शहरांतील रीत त्याच दस्तुराची साक्ष देते.

वास्तविक भाजण्याची विद्या आपल्या घरांना अपरिचित नव्हती. कोकणातील धोंडस काय किंवा कायस्थ प्रभूंच्या घरचे श्रावणातील निनाव काय, जाड बुडाच्या भांड्यावर झाकण ठेवून, खाली मंद विस्तव आणि वर रसरशीत निखारे अशा दुहेरी आचेवर ते सिद्ध होत. आणि ओव्हन याहून वेगळे काय करतो? आंबवण्याविषयी तर बोलावयासच नको. ज्या घरात रोज रात्री विरजण लागते आणि आंबोळीचे पीठ आंबते, त्या घराला किण्वाची क्रिया नवी नाही. या दोन विद्यांचा संगम आपल्या स्वयंपाकघरात झाला नाही, एवढेच.

आता प्रस्तुत पावाकडे वळतो. त्याचे मूळ हंगेरीत आहे. तेथे ‘आरनीगालुश्का’ नावाचा एक जुना गोड जिन्नस आहे: फुगलेल्या पिठाचे लहान गोळे वितळलेल्या लोण्यात बुडवावेत, साखर व कुटलेले अक्रोड यांत घोळवावेत आणि भांड्यात एकमेकांवर रचून भाजावेत. हंगेरीहून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नेला. तेथे अक्रोडाच्या बरोबरीने दालचिनीने त्यात आपले बस्तान बसवले, ‘मंकी ब्रेड’ हे नाव रूढ झाले, आणि शरदात सफरचंदांचा हंगाम भरात आला की त्यात ते फळही पडू लागले. ज्या यीस्टने अमेरिकेतील घरगुती पाव सुकर केला, ते दाबून वड्या केलेले यीस्ट 1868 च्या सुमारास सिनसिनाटी येथे बाजारात आणणारे फ्लायश्मान बंधूही ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातूनच तेथे गेलेले होते. पुढे त्याच अमेरिकेत डब्यात भरलेले तयार पीठ आले, आणि ते कापून, साखरेत घोळवून तासाभरात हा पाव उरकण्याची सवय लागली. सोपेपणाची ही दुसरी वाट आपल्याकडेही तयार मिश्रणांच्या आणि बेकिंग पावडरच्या रूपाने आली आहे. ती मला मान्य नाही. बेकिंग पावडरने फुगतो तो केक. त्यात दोष काही नाही, पण पावाचा तंतू, त्याचा ओढ घेणारा मऊपणा आणि आंबवल्याने येणारा मंद सुवास त्याला कोठून येणार?

या पावाचा खरा सोपेपणा निराळ्या ठिकाणी आहे. पाव करण्यातील अवघड भाग म्हणजे त्याचा घाट: लादी सारखी वळणे, पृष्ठभाग ताणून गुळगुळीत करणे, भांड्यात तो एका बाजूला कलू न देणे, हे बेकरीतील कारागिरांना वर्षांच्या सरावाने साधते. येथे त्या सर्वांतून सुटका आहे. गोळे लहानमोठे झाले, वेडेवाकडे रचले गेले, एखादा चपटला, तरी भाजल्यावर त्या विषमतेतूनच पावाला शोभा येते. हात न बसलेल्या माणसाने शिकावयाचे ते पीठ. घाटाची काळजी हा पाव स्वतःकडे घेतो.

तेव्हा पिठाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. चारशे ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे इन्स्टंट यीस्ट, तीन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ, दोनशे ते सव्वादोनशे मिलिलिटर कोमट दूध आणि पन्नास ग्रॅम मऊ लोणी एवढे साहित्य पुरे. अंड्याची गरज नाही. दूध हाताला सोसेल इतपतच ऊन असावे, कारण पंचावन्न-साठ अंशांच्या पुढे यीस्टमधील जीव मरतो आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाही. लोणी अखेरीस घालावे आणि मग ते पीठ पोळीच्या कणकेहून पुष्कळ अधिक वेळ, दहा-बारा मिनिटे, मनगटाचा जोर लावून तिंबावे. आरंभी ते ओट्याला आणि बोटांना चिकटते. अशा वेळी वरून मैदा भुरभुरण्याचा मोह होतो, तो निग्रहाने आवरावा. सात-आठ मिनिटांनी ते आपणहून हाताला सोडू लागते, तुकतुकीत होते, आणि त्याचा लिंबाएवढा गोळा चारी बोटांवर हळूहळू ताणला असता तो न फाटता इतका पातळ होतो की पलीकडचा उजेड त्यातून दिसतो. पिठातील ग्लुटेनचे जाळे तयार झाल्याची ही निश्चित खूण. यीस्ट जो वायू निर्माण करते तो हे जाळे कोंडून धरते, आणि पाव फुगतो.

फुगण्याची मुदत घड्याळावर ठरवू नये. मे महिन्यात मुंबईला पाऊण तासात दुप्पट होणारे पीठ डिसेंबरात नाशिकला दोन तास घेते. दुप्पट झाले की नाही एवढेच पाहावे. ज्यांना दिवसा सवड नाही त्यांनी रात्री पीठ तिंबून झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत यीस्ट सावकाश काम करते, सकाळी पीठ सिद्ध असते, आणि या दीर्घ मुदतीने पावाची रुची वाढते. नोकरी करणाऱ्यांच्या घरी पाव होणे शक्य नाही, हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. पोळी लाटण्यासाठी माणसाला ओट्याशी उभे राहावे लागते. पाव आपल्या झोपेत आपले काम करीत असतो.

दालचिनीविषयी मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ती पिठात मळू नये. दालचिनीचा गंध ज्या द्रव्यामुळे आहे ते सिनमाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखते, आणि पिठात सढळ हाताने दालचिनी घातली तर पाव ठेंगणा राहतो. म्हणून ती बाहेरून, साखरेत किंवा गुळात मिसळून, गोळ्यांना माखावयाची. दालचिनी तरी कोणती? आपल्या बाजारात या नावाने बहुधा जी जाड, खडबडीत, तिखट साल मिळते ती चीन-व्हिएतनामकडील कॅशिया होय. खरी दालचिनी सिंहलद्वीपाची: कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पदर एकात एक वळलेले, बोटांनी सहज चुरणारी, मधुर गंधाची. 1505 मध्ये पोर्तुगीज त्या बेटाला लागले, 1658 पर्यंत डचांनी त्यांना तेथून घालवून तिचा मक्ता आपल्याकडे घेतला आणि 1796 मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. या सालीसाठी साम्राज्ये एकमेकांशी झुंजली. आणि तीच दालचिनी आज आपल्या कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचा तिचा वाणही दिला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांनी परतताना काजू आणि आंबापोळीबरोबर तिच्या दोन जुड्याही अवश्य आणाव्यात.

सफरचंदाची निवडही अशीच विचाराने करावी. फिलाडेल्फियाहून 1904 मध्ये भारतात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स या गृहस्थांनी, म्हणजे पुढे असहकाराच्या चळवळीत कारावास पत्करणाऱ्या आणि सत्यानंद झालेल्या थोर पुरुषाने, 1916 च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढ भागात ‘डेलिशस’ जातीची झाडे लावली, आणि त्या डोंगराळ मुलखाची दैन्यावस्था पालटली. त्यांचे ऋण मोठे आहे; परंतु लाल डेलिशस हे कच्चे खाण्याचे फळ आहे. त्यात आंबटपणा बेताचा, आणि उष्णतेने त्याचा गर पिठूळ होऊन विरघळतो. याच बागांत लाल जातीच्या परागणासाठी ‘गोल्डन डेलिशस’ची पिवळी झाडे लावलेली असतात; ते फळ दिसावयास साधे म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवते, पण भाजण्यास ते लाल फळाहून कितीतरी सरस आहे. ऑगस्टपासून ते पेठेत दिसू लागते. ते न मिळाल्यास आंबट हिरवे ग्रॅनी स्मिथ घ्यावे. दोन फळांच्या हरभऱ्याएवढ्या फोडी करून, चमचाभर लिंबाचा रस घालून, थोड्या लोण्यावर तीन-चार मिनिटे परताव्यात आणि पूर्ण निवू द्याव्यात. कच्च्या फोडी घातल्यास त्यांचे पाणी भाजताना सुटते, आणि बुडाचे गोळे चिकट, कच्चे राहतात.

अमेरिकन रीतीत तपकिरी साखर लागते. आपण ती का शोधावी? कोल्हापुरी गूळ किसून घ्यावा, सवाशे ग्रॅम पुरे. त्यात दोन लहान चमचे दालचिनीपूड मिसळावी. फुगलेले पीठ दाबून त्याचे सुपारीहून थोडे मोठे गोळे करावेत, आणि या कामी घरातील मुलांना बसवावे, कारण त्यांच्या हातून बिघडेल असे यात काही नाही. गोळे वितळलेल्या लोण्यात बुडवून गुळात घोळवावेत, लोणी लावलेल्या नऊ इंची भांड्यात एक थर गोळ्यांचा, वर सफरचंदाच्या फोडी, पुन्हा गोळे, असे रचावेत. अर्धा-पाऊण तास पुन्हा फुगू द्यावेत आणि 180 अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावेत. कडेने गुळाचा पाक बुडबुडू लागतो, वरचे गोळे गडद बदामी होतात आणि सुवास जिन्यापर्यंत पोचतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी भांडे ताटात उपडे करावे. त्याआधी केले तर पाक ओघळून वाया जातो, आणि विसरून अर्धा तास गेला तर तो गोठून पावाला भांड्याशी जखडून टाकतो.

मैदा, गूळ, लोणी: हे आरोग्याला हितकर कसे, असा प्रश्न येईल. हा सणावाराचा, पाहुण्यारावळ्यांचा पदार्थ आहे; पुरणपोळी आपण रोज खात नाही, तसा हाही रोज खाऊ नये. एक तृतीयांश मैद्याऐवजी गव्हाचे पीठ घालता येते; मात्र कोंडा पाणी अधिक पितो, म्हणून दूध थोडे वाढवावे आणि पाव काहीसा घट्ट होणार हे गृहीत धरावे. परंतु आरोग्याचाच हिशेब मांडावयाचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पोटॅशियम ब्रोमेट हे पीठ सुधारण्याचे रसायन पावात वापरण्यास आपल्या देशात बंदी झाली ती 2016 मध्ये, दिल्लीच्या एका संस्थेच्या तपासणीत पावाच्या बहुसंख्य नमुन्यांत ब्रोमेट वा आयोडेट आढळल्याचे प्रसिद्ध झाल्यानंतर. तोवर आपण काय खात होतो हे आपल्याला ठाऊक नव्हते. घरच्या पावात काय पडले याचा तपशील घरातल्या लहान मुलालाही सांगता येतो. ज्या पदार्थावर आपली न्याहारी अवलंबून आहे त्याचे ज्ञान घराबाहेर गहाण ठेवणे मला उचित वाटत नाही, आणि ते सोडवून आणण्याची जबाबदारी केवळ गृहिणीची आहे असेही मी मानत नाही. पीठ तिंबण्यास बळ लागते, आणि ते घरातील पुरुषांजवळ आहे.

उरला तर हा पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. भाजलेल्या पिठातील पिष्ट फ्रिजच्या थंडीत सर्वांत लवकर ताठरते, आणि सकाळी हाती येतो तो शिळवटलेला, कोरडा तुकडा. झाकणाच्या डब्यात ओट्यावर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दीडशे अंशांवर पाच-सात मिनिटे ऊन करावा. गूळ पुन्हा पातळ होतो आणि गोळे पहिल्या दिवसासारखे सुटतात. पावसाळ्यात मात्र फळाच्या ओलाव्याने त्याला बुरशी लवकर धरते. त्या दिवसांत तो शेजारी वाटून त्याच संध्याकाळी संपवावा.